ड्रम हेड म्हणजे काय? तुमच्या ड्रम किटसाठी योग्य हेड कसे निवडाल – संपूर्ण माहिती



समजा तुम्ही पैसे साठवून एक सेकंड हँड ड्रम किट घेतलं. घरी आणलं, जोडलं, स्टिक हातात घेतली आणि पहिला ठोका मारला. आवाज आला तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर काठी मारल्यासारखा. अशा वेळी मनात पहिला विचार येतो, ‘फसलो! किटच बेकार आहे, विकून टाकू.’ पण जरा थांबा. बऱ्याचदा दोष किटचा नसतोच. दोष असतो त्यावर ताणलेल्या जुन्या, मार खाऊन खाऊन सैल पडलेल्या हेडचा. हेड बदललं आणि नीट ट्यून केलं की तेच किट ओळखू येत नाही, इतका आवाज बदलतो.

हा लेख लिहिण्यामागे माझा स्वतःचा एक मूर्खपणाही आहे, तो आधीच सांगून टाकतो. कॉलेजच्या गॅदरिंगला आठ दिवस असताना आमच्या स्नेअरचं हेड फाटलं. मी टेप घेतली, ड्रमवरच्या लोखंडी रिंगच्या बाहेरून माप घेतलं. ते जवळपास १५ इंच भरलं. लगेच फोनवरून १५ इंचाचं हेड ऑर्डर केलं. चार दिवसांनी पार्सल आलं, घाईघाईत पाकीट फोडलं आणि हेड ड्रमवर ठेवलं, तर लहान भावाच्या डोक्यावर बाबांचं हेल्मेट ठेवावं तसं ते डगडग हलायला लागलं. ड्रम १४ इंचाचा होता! पाकीट फोडलेलं, म्हणून हेड परतही गेलं नाही. गॅदरिंगला उसना स्नेअर आणून वाजवावं लागलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून आज ड्रम हेडबद्दल सगळं सोप्या भाषेत समजून घेऊया.

ड्रम हेड म्हणजे नेमकं काय?

ड्रमच्या तोंडावर ताणून बसवलेला पातळ पडदा म्हणजे ड्रम हेड. तबल्याला जशी पुडी, आपल्या ढोल-ताशा पथकातल्या ढोलाला जसं पान, तसं ड्रम किटला हेड. तुम्ही स्टिक मारता ती याच पडद्यावर. पडदा थरथरतो, आतली हवा हलते, लाकडी शेलही थोडं घुमतं आणि आवाज तयार होतो. म्हणजे आवाजाची सुरुवात हेडपासून होते. म्हणूनच महागड्या किटवर खराब हेड असेल तर आवाज खराबच येणार, आणि साध्या किटवर चांगलं हेड असेल तर आवाज कितीतरी सुधारणार.

हेडचे तीन भाग लक्षात ठेवा:

१. फिल्म – मधला प्लास्टिकचा पडदा.
२. कॉलर – कडेला फिल्म जिथे वाकून खाली उतरते तो भाग. हा ड्रमच्या काठावर टेकतो.
३. कडी – फिल्म ज्यात पक्की बसवलेली असते ती धातूची गोल कडी. या कडीवर ड्रमचा हूप, म्हणजे बाहेरची जाड लोखंडी रिंग बसते. हूपमधून जाणारे स्क्रू आवळले की हेड ताणलं जातं.

चामड्यापासून प्लास्टिकपर्यंतचा प्रवास

पूर्वी ड्रम किटची हेड्स वासराच्या कातड्याची असायची. आवाज उबदार, पण हवेशी मोठं वाकडं. हवेत दमटपणा आला की चामडं पाणी शोषून सैल पडतं आणि सूर उतरतो, कोरडी हवा असली की ते आवळतं आणि सूर चढतो. आपल्याकडे गणपतीत पावसाची सर आली की चामड्याचं पान कसं उतरतं, हे पथकात वाजवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

यावर उपाय निघाला १९५०च्या दशकात अमेरिकेत. ड्यूपॉन्ट कंपनीने ‘मायलार’ नावाची पॉलिस्टर फिल्म बाजारात आणली होती. ही फिल्म मजबूत होती आणि पाणी शोषत नव्हती. १९५६च्या सुमारास चिक इव्हान्स यांनी आणि १९५७ मध्ये रेमो बेली यांनी या फिल्मपासून बनवलेली हेड्स विकायला सुरुवात केली. इव्हान्स आणि रेमो हे आजचे दोन मोठे ब्रँड यांच्याच नावाने ओळखले जातात. रेमोने आपल्या हेड्सना ‘वेदर किंग’ म्हणजे हवामानाचा राजा असं नाव दिलं, ते का, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. इव्हान्स हा ब्रँड आता डॅडारिओ या गिटारच्या तारांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीकडे आहे. अक्वेरियन हा तिसरा अमेरिकन ब्रँडही बराच वापरला जातो.

वरचं हेड आणि खालचं हेड

टॉम, स्नेअर आणि बेस ड्रम यांना साधारणपणे दोन्ही बाजूंनी हेड असतं.

- बॅटर हेड – ज्यावर आपण वाजवतो ते. बेस ड्रमच्या बाबतीत पॅडलचा बीटर जिथे आपटतो ते.
- रेझोनंट हेड – विरुद्ध बाजूचं. यावर कोणी मारत नाही, पण आवाज किती वेळ घुमणार हे बऱ्याच अंशी हेच ठरवतं. तबलजी ज्याला ‘आस’ म्हणतात, म्हणजे ठोका मारल्यानंतर मागे रेंगाळणारा सूर, तिचा मोठा हिस्सा या खालच्या हेडच्या हातात असतो.

बॅटर हेड मार खातं, म्हणून ते जाड असू शकतं. रेझोनंट हेडला मोकळेपणाने थरथरायचं असतं, म्हणून ते सहसा एका थराचं आणि बॅटरइतकं किंवा त्याहून पातळ असतं.

जाडीचं गणित: ‘मिल’ म्हणजे मिलिमीटर नव्हे!

हेडची जाडी ‘मिल’मध्ये सांगतात. इथे अनेक जण गोंधळतात. १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजेच ०.०२५४ मिलिमीटर. म्हणून १० मिलचं हेड म्हणजे १० मिलिमीटर नाही, तर जेमतेम पाव मिलिमीटर!

जाडीनुसार मुख्य प्रकार असे:

- एका थराचं पातळ हेड (साधारण ७.५ मिल) – उदाहरणार्थ रेमो डिप्लोमॅट. अगदी हलक्या ठोक्यालाही बोलतं. जोरात वाजवणाऱ्यांसाठी नाही.
- एका थराचं मध्यम हेड (१० मिल) – रेमो अँबेसेडर, इव्हान्स जी१. मोकळा, लांब घुमणारा आवाज. काहीच कळत नसेल तर सुरुवात इथून करावी.
- दोन थरांचं हेड (साधारण ७ मिलचे दोन थर) – रेमो एम्परर, इव्हान्स जी२. आवाज जाड, ठोस, थोडा आखूड. जास्त टिकतं.
- दोन थर आणि मध्ये तेल – इव्हान्स हायड्रॉलिक. दोन थरांमध्ये तेलाचा पातळ थर असतो. आस जवळपास जाते, ‘धप्प’ असा बसका आवाज येतो.

आता यामागचं विज्ञान बघा. पडद्याचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: व्यास, ताण आणि वजन. व्यास वाढला की सूर खाली, ताण वाढला की सूर वर, आणि पडदा जड झाला की सूर पुन्हा खाली. म्हणून तेवढ्याच ताणाला १४ मिलचं हेड १० मिलच्या हेडपेक्षा खालच्या सुरात बोलतं. दोन थरांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. दोन्ही थर थरथरताना एकमेकांवर घासतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. त्यामुळे आवाज लवकर थांबतो.

ड्रम किट तबल्यासारखं सुरात का बोलत नाही?

हा प्रश्न माझ्या एका तबला वाजवणाऱ्या मित्राने विचारला होता, आणि प्रश्न भारी आहे. साध्या, एकसारख्या जाडीच्या पडद्यावर मारलं की मुख्य सुराबरोबर अनेक उपसूर उमटतात. पण ते मुख्य सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ हिशोबात नसतात. ते साधारण १.५९ पट, २.१४ पट अशा आडनिड्या प्रमाणात असतात. म्हणून कानाला एक नेमका सूर लागत नाही, ‘धूम’ असा घोळदार आवाज ऐकू येतो.

तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई असते. त्या वजनामुळे हे उपसूर सरळ प्रमाणाच्या खूप जवळ येतात आणि तबला चक्क सुरात बोलतो. हे शास्त्रीय पद्धतीने उलगडून दाखवलं आपल्या सर सी. व्ही. रामन यांनी. १९२० मध्ये त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात यावर लेख लिहिला होता, आणि १९३४ मध्ये रामन यांनी भारतीय चर्मवाद्यांवर सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

ड्रम किटच्या हेडला शाई नसते. तिथे वेगळी युक्ती वापरतात: नको असलेले उपसूर दाबून टाकायचे. यालाच डॅम्पिंग किंवा मफलिंग म्हणतात.

डॅम्पिंगचे प्रकार

- कडेची रिंग – हेडच्या काठाला आतून जोडलेली पातळ रिंग. रेमो पॉवरस्ट्रोक ३ मध्ये अशी असते. चिवट उपसूर काठाजवळ जास्त असतात, रिंग तिथेच त्यांना दाबते.
- पिनस्ट्राइप – रेमोचं दोन थरांचं हेड, ज्यात काठाजवळ दोन थरांच्या मध्ये डॅम्पिंग असतं. टॉमवर मारल्यावर ठोस आणि आवरता आवाज येतो.
- मधला ठिपका – हेडच्या मध्यभागी चिकटवलेला जास्तीचा गोल थर. मध्यभाग मजबूत होतो आणि आवाज जरा एकवटतो.
- फोमची रिंग – इव्हान्सच्या इमॅड या बेस ड्रम हेडला बाहेरून फोमची रिंग लावतात. सोबत दोन वेगवेगळ्या जाडीच्या रिंग येतात, हवी ती लावायची.

एक लक्षात ठेवा. मोकळ्या हेडचा आवाज नंतर जेल किंवा टेप लावून दाबता येतो. पण मुळातच दाबलेल्या हेडचा आवाज मोकळा करता येत नाही. म्हणून शंका असेल तर मोकळं हेड घ्या.

कोटेड घ्यावं की क्लिअर?

क्लिअर म्हणजे पारदर्शक हेड. यावर स्टिकचा ठोका स्पष्ट, टोकदार ऐकू येतो. टॉमसाठी जास्त वापरतात.

कोटेड म्हणजे पांढरट, हाताला खरखरीत लागणारं हेड. या लेपामुळे आवाज थोडा उबदार आणि मऊ होतो. जॅझमध्ये तारांचे ब्रश हेडवर घासून ‘सऽऽस’ असा आवाज काढतात, तो फक्त खरखरीत पृष्ठभागावरच निघतो. म्हणून ब्रश वापरणार असाल तर स्नेअरचं वरचं हेड कोटेडच हवं.

कोटेड हेडचा लेप कालांतराने मधून निघून जातो. ते दिसायला वाईट दिसतं, पण फक्त तेवढ्यावरून हेड संपलं असं नाही.

प्रत्येक ड्रमसाठी वेगळा विचार

१. स्नेअर – वरची बाजू: कोटेड, एका थराचं १० मिल हेड. जवळपास सगळ्या प्रकारच्या संगीताला चालतं. खूप जोरात वाजवत असाल तर दोन थरांचं किंवा ठिपकेवालं.

२. स्नेअर – खालची बाजू: इथे सगळ्यात जास्त चुका होतात. स्नेअरच्या खाली ज्या तारा असतात, त्या खालच्या हेडला टेकून खणखणतात. त्यासाठी हेड अतिशय पातळ, साधारण ३ मिलचं लागतं. पाकिटावर ‘स्नेअर साइड’ असं लिहिलेलं असतं. इथे साधं १० मिलचं हेड लावलं तर तारा नीट बोलत नाहीत आणि स्नेअर मुका वाटतो. आणि उलट, हे ३ मिलचं हेड चुकून वरच्या बाजूला लावलं तर काही ठोक्यांतच फाटेल. ऑर्डर देताना फक्त ‘१४ इंच’ पाहू नका, ‘स्नेअर साइड’ हे दोन शब्द आहेत का तेही पाहा.

३. टॉम: वर एक किंवा दोन थरांचं, खाली एका थराचं क्लिअर. छोट्या ठिकाणी, माइकशिवाय वाजवत असाल तर एक थर. माइक लावून स्टेजवर वाजवत असाल आणि आवाज आटोपशीर हवा असेल तर दोन थर.

४. बेस ड्रम: बॅटर बाजूला डॅम्पिंगवालं हेड घ्या, म्हणजे आत उशा-चादरी कोंबायची गरज कमी होते. बीटर जिथे आपटतो तिथे छोटा चिकट पॅच लावा, हेड जास्त टिकतं. पुढच्या हेडला एका बाजूला ४-५ इंचाचं भोक असेल तर त्यातून माइक आत ठेवता येतो आणि आवाज थोडा आखूड, ठोस होतो. भोक नसेल तर आवाज जास्त घुमतो.

कोणत्या संगीतासाठी कोणतं हेड?

- जॅझ, हलकं अकूस्टिक संगीत – सगळीकडे कोटेड, एका थराचं.
- ऑर्केस्ट्रा, हिंदी-मराठी गाणी, चर्चमधला बँड – स्नेअरवर कोटेड १० मिल, टॉमवर क्लिअर एक किंवा दोन थर, बेसवर रिंगवालं. रोज वेगळी गाणी असतात, म्हणून मधला मार्ग बरा.
- रॉक – टॉमवर दोन थर, स्नेअरवर जाड कोटेड.
- मेटल – दोन थरांची क्लिअर हेड्स आणि डॅम्पिंगवाला बेस. ठोके भराभर पडतात, आस लांबली तर सगळं एकमेकांत मिसळतं.

हे नियम नाहीत, फक्त सुरुवातीचा अंदाज आहे. शेवटी कान तुमचा.

साइज मोजताना ही चूक करू नका

आता माझ्या १५ इंचाच्या हेडची गोष्ट आठवा. हूप बाहेरून मोजला तर माप नेहमी जास्तच येतं, कारण हूप हेडच्या कडीच्याही बाहेर असतो. बरोबर पद्धत अशी:

१. ड्रमचे स्क्रू सोडवून हूप आणि जुनं हेड काढा.
२. उघड्या शेलच्या एका बाहेरच्या काठापासून समोरच्या बाहेरच्या काठापर्यंत, बरोबर मध्यातून माप घ्या.
३. जे माप येईल ते इंचात लिहून ठेवा. तोच हेडचा साइज.
४. जुन्या हेडवर साइज छापलेला असेल तर ताडून पाहा.

ड्रमच्या उंचीचा हेडशी काही संबंध नाही. ‘१४ बाय ५.५’ असं लिहिलं असेल तर तुमच्या कामाचा आकडा फक्त १४, व्यासाचा.

दोन साइज सेट जास्त दिसतात. फ्यूजन किटमध्ये टॉम साधारण १०, १२ आणि १४ इंचाचे, तर रॉक किटमध्ये १२, १३ आणि १६ इंचाचे. स्नेअर बहुतेक वेळा १४ इंचाचा आणि बेस बहुधा २० किंवा २२ इंचाचा. तीन टॉमचा पॅक ऑर्डर करताना तो फ्यूजनचा आहे की रॉकचा, हे नक्की तपासा. पण अंदाजावर जाऊ नका, प्रत्येक ड्रम मोजा.

बजेट कमी आहे? मग या क्रमाने बदला

सगळ्या किटची दोन्ही बाजूंची हेड्स एकदम घ्यायची म्हटलं तर खिसा रिकामा होतो. पाच ड्रमच्या किटला तब्बल १० हेड्स लागतात! एकदम घ्यायची गरज नाही.

१. आधी स्नेअरचं वरचं हेड – सगळ्यात जास्त मार यालाच बसतो आणि फरक लगेच कळतो.
२. मग बेस ड्रमचं बॅटर – चांगलं डॅम्पिंगवालं घेतलं तर कित्येक दिवस पाहावं लागत नाही.
३. मग टॉमची वरची हेड्स.
४. मग स्नेअरचं खालचं हेड.
५. शेवटी टॉमची खालची हेड्स – यांच्यावर कोणी मारत नाही, म्हणून ती खूप टिकतात. पण स्वस्त किटसोबत आलेली हेड्स असतील तर एकदा बदलून बघाच.

आणि हो, एक पैसाही खर्च करण्याआधी जुनंच हेड नीट ट्यून करून पाहा. कधी कधी आजार तिथेच असतो.

हेड संपलं हे कसं ओळखायचं?

- मध्यभागी खळगे पडलेत, आणि हेड ताणल्यावरही ते जात नाहीत.
- कितीही ट्यून करा, सूर एका जागी थांबत नाही.
- आवाज कोरडा, निर्जीव येतो, आस राहिलेली नाही.
- काठाजवळ चीर दिसते किंवा फिल्म कडीतून सुटायला लागलीये.

फोनच्या मदतीने हेड बसवा आणि ट्यून करा

लागणारं साहित्य: ड्रम की, मऊ कापड आणि तुमचा स्मार्टफोन.

पायरी १ – काठ तपासा. हेड काढल्यावर शेलचा काठ कापडाने पुसा. मग खोलीत अंधार करा, शेल किचन ओट्यासारख्या सपाट जागेवर उपडं ठेवा आणि आत फोनचा टॉर्च चालू करून ठेवा. वरून जाड कापडाने झाका. आता खाली काठ आणि ओटा यांच्यामधून कुठे उजेड बाहेर येतोय का ते बघा. जिथे फट, तिथे काठ खाली-वर झालाय. अशा ड्रमवर कितीही महाग हेड लावलं तरी ट्यूनिंगला त्रास होणार. नवीन हेड्स घेण्याआधी, किंबहुना सेकंड हँड किट विकत घेण्याआधीच ही तपासणी केली तर पैसे वाचतील.

पायरी २ – हेड ठेवा. हेड ड्रमवर मोकळं फिरलं पाहिजे. मग हूप ठेवा आणि सगळे स्क्रू आधी फक्त बोटांनी आवळा.

पायरी ३ – समोरासमोर आवळा. ड्रम कीने एक स्क्रू अर्धा फेरा, मग त्याच्या बरोबर समोरचा अर्धा फेरा. ओळीने एकामागोमाग आवळत गेलात तर हेड एका बाजूला ओढलं जातं. हेडवरच्या सुरकुत्या जाईपर्यंत असं करत राहा.

पायरी ४ – हेड बसवा. तळहाताने मध्यभागी हळूहळू दाब द्या. कडकड असा आवाज येऊ शकतो. घाबरू नका, बऱ्याचदा तो कडीतल्या गोंदाचा असतो. दाबल्यावर कुठे सुरकुती दिसली तर तो स्क्रू थोडा आवळा.

पायरी ५ – सूर सारखा करा. ड्रम उशीवर किंवा टॉवेलवर ठेवा, म्हणजे खालचं हेड गप्प राहील. आता प्रत्येक स्क्रूपासून साधारण इंचभर आत स्टिकने हलकेच टिचकी मारा. सगळीकडे एकसारखा सूर यायला हवा. तबलजी हातोडीने प्रत्येक घर मिळवतात ना, अगदी तसंच. कान अजून तयार नसेल तर ड्रम ट्यूनर ॲप वापरा. ते प्रत्येक ठिकाणचा सूर हर्ट्झमध्ये दाखवतं. एका ठिकाणी आकडा वेगळा आला की तो किंवा त्याच्या समोरचा स्क्रू थोडा फिरवा.

पायरी ६ – दुसरी बाजू. दुसरं हेडही असंच मिळवा. टॉमची दोन्ही हेड्स एकाच सुरात असतील तर आस सगळ्यात लांब. स्नेअरचं खालचं हेड बऱ्यापैकी ताणलेलं हवं. बेस ड्रम मात्र सुरकुत्या गेल्या की जेमतेम थोडासाच आवळा.

एक टीप: आवाजाची तुलना करायला फोनवर रेकॉर्ड करत असाल तर फोन दरवेळी त्याच जागी, थोडा लांब ठेवा. बरेच फोन मोठा आवाज आपोआप कमी करतात, त्यामुळे जवळून केलेलं रेकॉर्डिंग दिशाभूल करतं.

सोसायटीत राहता? मग मेश हेड

फ्लॅटमध्ये ड्रम वाजवायचा म्हणजे वरचे, खालचे, शेजारचे सगळे दारात. यावर उपाय म्हणजे मेश हेड. हे जाळीदार असतं, हवा आरपार जाते, म्हणून आवाज खूपच कमी होतो, पण स्टिक उसळते. याच जाळीमुळे इलेक्ट्रॉनिक ड्रमही बदलले. १९९७ मध्ये रोलँड कंपनीने टीडी-१० मॉड्यूल असलेला व्ही-ड्रम्स सेट आणला, त्यात मेश हेडचे पॅड होते आणि ते रेमोच्या साथीने तयार केले होते. साध्या किटलाही मेश हेड्स लावून सराव करता येतो. फक्त खऱ्या हेडपेक्षा ते जास्त उसळतं, हे लक्षात ठेवा. तसंच बेस पॅडलची धडधड जमिनीतून खाली जातेच, म्हणून खाली जाड मॅट हवी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वेगवेगळ्या ब्रँडची हेड्स एकाच किटला चालतात का?
हो, बिनधास्त. साइज इंचात बरोबर असला की झालं.

हेड किती दिवस टिकतं?
याला एकच उत्तर नाही. रोज जोरात वाजवणारा काही आठवड्यांत स्नेअरचं हेड संपवेल, आठवड्यातून एकदा हलकं वाजवणाऱ्याचं वर्षभरही टिकेल. दिवस मोजू नका, वर दिलेल्या खुणा बघा.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या हेडची काळजी घ्यावी लागते का?
हेड दमटपणाने चामड्यासारखं उतरत नाही. पण स्क्रू आणि हूप गंजतात, लाकडी शेलवर बुरशी येते. म्हणून किट भिंतीपासून थोडं दूर आणि कोरडं ठेवा.

जाड हेड म्हणजे चांगलं हेड का?
नाही. जाड म्हणजे जास्त टिकाऊ आणि कमी आस. हलक्या हाताने वाजवणाऱ्याला जाड हेड मुकं वाटेल.

शेवटी एवढंच

मित्रांनो, नवीन किट घ्यायला सगळ्यांकडे पैसे नसतात. पण हातात असलेल्या किटमधून चांगला आवाज काढणं आपल्या हातात असतं. आधी फोनच्या टॉर्चने काठ तपासा, जुनं हेड ट्यून करून बघा, मग उघडं शेल मोजा, आणि सगळ्यात शेवटी ऑर्डर द्या. पार्सल आलं की पाकीट फोडण्याआधी त्यावरचा साइज आणि ‘स्नेअर साइड’ वगैरे शब्द एकदा वाचून घ्या. आणि वाजवताना कानात इअरप्लग घालायला विसरू नका. हेड फाटलं तर नवीन मिळतं, कानाच्या पडद्याचं तसं नाही.

माझं ते १५ इंचाचं हेड अजून घरी भिंतीवर टांगलेलं आहे. नवीन ऑर्डर देताना मी आधी त्याच्याकडे बघतो आणि मग टेप हातात घेतो.